तेवढी एक ओळ काढून टाका ना

मंडळी, गेल्या रविवारी कबूल केलं होतं की या विकांताला भटकंतीवर लिहीन. ते पुढच्या वेळी. आज डोकं जरा तापलेलं आहे. राग नक्की कोणावर काढायचा हे ठरवायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली, त्यामुळे आता तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल फाइल आहे, 'घर_दुसरा मजला_तुलना_फायनल_3'. (आयटीवाल्याची फायनल कधीच पहिली नसते.) 2023 च्या सुरुवातीला धुळ्याला देवपुरातल्या आमच्या घरावर दुसरा मजला चढवायचं ठरलं. पप्पा एसटीतून निवृत्त झालेले, पैशांचा बराचसा भाग माझ्या कर्जाचा, त्यामुळे 'कोटेशन बघणे' हे खातं माझ्याकडे आलं. मी पुण्यात बसून आमच्या कंपनीत व्हेंडर निवडतात तसं सगळं केलं. रकाने पाडले, सीपीव्हीसी पाइपाचा फुटाचा भाव, नहाणी ट्रॅप, वरची टाकी, ड्रेनेज लाइन, मजुरी, सगळं समोरासमोर मांडलं. कमी भाव हिरवा, जास्त भाव लाल, आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते पिवळं.

पिवळं एकच होतं. तिसरं कोटेशन ज्यांचं होतं त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. मूळचे जळगावचे, तिथल्या एमआयडीसीत बरीच वर्षं कंपन्यांची पाइपलाइनची कामं केलेली, मग सासुरवाडीमुळे धुळ्यात आलेले. त्यांच्या कोटेशनच्या तळाला एक ओळ होती : 'कामगार नुकसानभरपाई विमा – 3,500'. बाकी दोघांच्या कागदात असलं काही नव्हतं.

मी फोन लावला. "अण्णा, बाकी सगळं बरोबर आहे, पण ही विम्याची ओळ कशाची? घरच्या कामाला कशाला लागतोय विमा? तेवढी एक ओळ काढून टाका ना."

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "भाऊ, पोरं वर चढतात ना." आणि मी काही बोलायच्या आत, "बरं, तुम्ही म्हणता तर काढतो."

ओळ निघाली, काम अण्णांना मिळालं, आणि मला साडेतीन हजार वाचवल्याचा आनंद झाला. त्याच आठवड्यात मी कानाला लावायचे बिनतारी हेडफोन साडेचार हजाराला घेतले होते. हे उगाच आठवतं.

मे महिना. धुळ्याचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पोरं सकाळी साडेसहालाच काम सुरू करायची, अकराला थांबायची. घराच्या मागच्या बाजूला डक्टमध्ये संडासची उभी लाइन बसवायची होती. बांबूची परांची बांधलेली, त्यावर सेंट्रिंगची एक फळी. अण्णांचा हेल्पर भिंतीला क्लॅम्प ठोकत होता. वय 25, साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला. फळी सरकली. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपासून तो थेट खाली चेंबरच्या झाकणावर आला. मांडीचं हाड मोडलं आणि उजव्या टाचेचा अक्षरशः भुगा झाला.

पप्पांचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीच्या लेखाला अर्थ नाही. माझा पहिला प्रश्न होता, "पप्पा, आपल्यावर काही येणार नाही ना?" पोरगा कसा आहे, हा दुसरा.

आपल्यावर काही आलं नाही. कायद्याने येतच नाही, ते पुढे सांगतो. जे आलं ते अण्णांवर आणि त्या पोरावर. दोन ऑपरेशनं, मांडीत रॉड, टाचेत प्लेट. अण्णांनी त्यांची छोटी मालवाहू गाडी विकली, बायकोचे दागिने गहाण टाकले आणि दवाखान्याचं बिल भरलं. आम्ही पंचवीस हजार दिले आणि आपण फार मोठं काही केलं असं समजलो. महिन्याभराने पोराचा मोठा भाऊ आणि गावातले दोन जण आले. आमच्याच ओट्यावर, चहा पीत, चाळीस हजारांत 'मिटलं'. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की यापुढे कुठलीही तक्रार राहिलेली नाही. पप्पांनी साक्षीदार म्हणून सही केली. सगळ्यांना बरं वाटलं. कोर्टकचेरी नाही, पोलीस नाही, माणसं समजूतदार.

आता त्या 'समजूतदारपणाचा' हिशोब करू. माझं कामच हिशोब करणाऱ्या मशीनशी आहे.

1923 साली या देशात वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी तेव्हा दिल्लीच्या विधिमंडळात होते. 2010 पासून त्याचं नाव एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झालं आणि 21 नोव्हेंबर 2025 ला सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर तो तिच्यात विरघळला. नावं बदलली, गाभा तोच राहिला, आणि तो गाभा विलक्षण सरळ आहे. कामावर असताना, कामामुळे माणूस जखमी झाला किंवा मेला, तर मालकाने भरपाई द्यायची. चूक कोणाची हे विचारायचं नाही. फळी कोणी ठेवली, पोराचं लक्ष कुठे होतं, यावर वाद नाही. दारू प्यालेला होता किंवा सांगूनही सुरक्षेचा पट्टा लावला नाही, असे एकदोन बचाव मालकाला आहेत, पण मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाहीत.

आणि हो, 'हे कायदे कारखान्यांना, नळवाल्याला कुठले?' असं म्हणणाऱ्यांसाठी : एका मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून बारा फुटांहून उंच इमारतीचं बांधकाम आणि दुरुस्ती जुन्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेली होती. पाइपलाइन आणि गटारही होतं. 'तो तर रोजंदारीवरचा, चार दिवसांचा' ही पळवाटसुद्धा डिसेंबर 2000 मध्ये बंद झाली. त्याआधी तात्पुरत्या स्वरूपाच्या काही कामगारांना व्याख्येतून वगळलेलं होतं. ते शब्दच काढून टाकले गेले.

भरपाईची रक्कम कोणाच्या दयेवर नसते, तिचं सूत्र आहे. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या 50 टक्के गुणिले वयानुसार एक आकडा. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्के गुणिले तोच आकडा. 25 वर्षं वयासाठी तो आकडा 216.91 आहे. पगार कितीही असला तरी हिशोबासाठी जास्तीत जास्त 15,000 धरायचा, ही मर्यादा जानेवारी 2020 मध्ये ठरली. त्याआधी ती 8,000 होती.

आमच्या पोराचा पगार महिना साधारण 12,000 पडत होता. तो त्या दिवशी गेला असता तर 6,000 गुणिले 216.91, म्हणजे 13,01,460 रुपये. तो गेला नाही, पण टाच वाकडी जुळली. सपाट रस्त्यावर चालतो, शिडी चढू शकत नाही. समजा डॉक्टरांनी कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं म्हटलं, तर 7,200 गुणिले 216.91 आणि त्याचे 30 टक्के, म्हणजे 4,68,525 रुपये. शिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. तो 2010 पासून मालकावरच आहे.

आणि 30 टक्के तरी का म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयाचा 1975 चा प्रताप नारायण सिंह देव खटला आहे. ओडिशात जेपूरच्या एका सिनेमा थिएटरात सजावटीचं लाकूडकाम करणारा सुतार 1968 साली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा सुतार म्हणून हे शंभर टक्के नुकसान आहे. भरपाई निकालाच्या दिवशी नाही, अपघाताच्या दिवशीच देणं लागते, हेही त्याच निकालाने पक्कं केलं. आता मला सांगा, शिडी न चढू शकणारा प्लंबर किती टक्के प्लंबर?

आमच्या ओट्यावर चाळीस हजारांत मिटलं होतं. आणि गंमत अशी, की तो स्टॅम्पपेपर कायद्याने कवडीमोलाचा आहे. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करार मुळातच रद्द ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, करावी लागते. आणि मृत्यूच्या बाबतीत तर मालकाने घरच्यांच्या हातात थेट दिलेली भरपाई 'दिली' असं कायदा मानतच नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. म्हणजे अण्णांसारखा प्रामाणिक माणूस गाडी विकून, सगळ्यांसमोर पैसे देऊन मोकळा होतो, आणि दोन वर्षांनी त्याच्यावर पुन्हा तेवढाच दावा येऊ शकतो, वर 12 टक्के व्याज आणि दंड. भरपाई महिन्याभरात दिली नाही तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो. हे अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं. पप्पांनाही नाही. मला तर नाहीच, मी पिवळा रंग लावण्यात हुशार.

या सगळ्यावरचा उपाय साडेतीन हजारांचा होता, आणि तो अण्णांना माहीत होता.

कसा माहीत होता, हा या लेखाचा खरा मुद्दा आहे. जळगाव हे पाइपांचं गाव. शेताच्या ठिबकपासून फ्लॅटच्या बाथरूमपर्यंतचे पाइप जिथे बनतात, तिथे अण्णा घडले. तिथल्या एमआयडीसीत कंपनीचं काम घ्यायचं तर गेटवर पहिला प्रश्न यायचा, "डब्ल्यूसी आहे का?" डब्ल्यूसी म्हणजे संडास नव्हे, वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन पॉलिसी. (प्लंबरच्या तोंडी हा शब्द आला की नवखा माणूस हमखास फसतो.) पॉलिसीची झेरॉक्स नसेल तर पोरांना गेटपास नाही, गेटपास नाही तर काम नाही. कंपनीचे लोक काही साधुसंत नव्हेत. त्यांना ठाऊक असतं की आपल्या धंद्यासाठी कंत्राटदाराला काम दिलं आणि त्याचा माणूस पडला, तर तो माणूस मूळ मालकाकडूनही भरपाई मागू शकतो. त्यामुळे ते विचारतात. ते विचारतात म्हणून कंत्राटदार पॉलिसी काढतो. तोच कंत्राटदार, तीच पोरं, तोच पान्हा आणि तेच सोल्व्हंट घेऊन तुमच्याआमच्या घरी येतात, तेव्हा पॉलिसी संपलेली असते. कारण तुम्ही-आम्ही विचारत नाही. माझ्यासारखे दीडशहाणे तर विचारून काढायला लावतात.

आणि आपण का विचारत नाही? कारण कायद्याने आपल्याला सोडलंय. मूळ मालकावर जबाबदारी येते ती काम त्याच्या 'व्यापार किंवा धंद्यासाठी' असेल तर. बिल्डर फ्लॅट विकायला बांधतो, त्याच्यावर येते. मी राहायला घर बांधतो, तो माझा धंदा नाही, म्हणून मी सुटतो. बांधकाम कामगार कल्याणाच्या 1996 च्या कायद्यातही स्वतःच्या राहत्या घराच्या 10 लाखांपर्यंतच्या कामाला सूट होती. नव्या संहितेत ती सूट 50 लाखांपर्यंत गेली आहे. म्हणजे कायदा आपल्यासारख्या घरमालकाला हळूहळू आणखीच लांब नेऊन बसवतोय. सावलीत, खुर्चीवर.

मी हा विषय ऑफिसात, कट्ट्यावर, नातेवाइकांत काढला की जे ऐकू येतं ते आता तोंडपाठ झालंय.

पहिलं म्हणजे, "अरे तो कंत्राटदारच गरीब, त्याच्याकडून कुठून भरपाई घेणार?" अहो, म्हणून तर विमा! टाटा-बिर्लांना कदाचित विमा नसला तरी चालेल, ते खिशातून देतील. अण्णांच्या खिशात तेरा लाख नाहीत, म्हणूनच तो कागद लागतो. आपण उलटं करतो. ज्याला सर्वात जास्त गरज आहे त्यालाच 'एवढ्याशा कामाला कशाला' म्हणतो.

दुसरं, "ही पोरं आज इथे, उद्या तिथे. नावाने पॉलिसी कशी काढणार?" नावं लागत नाहीत. कामाचा प्रकार, माणसांची संख्या आणि एकूण मजुरी सांगून पॉलिसी निघते, वर्षाची निघते, एका कामापुरतीही निघते. ही माहिती अण्णांनी मला दिली, कुठल्या सल्लागाराने नाही. आपल्याकडे दर शनिवारी फोन करून गुंतवणुकीचा विमा गळ्यात मारू पाहणारे डझनभर एजंट आहेत. त्यातला एक तरी कधी नळ फिटिंगवाल्याच्या दुकानात गेलाय? कमिशन किती मिळणार बिचाऱ्याला!

तिसरं जरा बरं आहे. "सरकारच्या योजना आहेत ना? वीस रुपयांत दोन लाख!" आहेत, आणि जरूर घ्याव्यात. 2015 ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला बारा रुपयांची होती, जून 2022 पासून वीसची झाली. अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. पण मांडी मोडून चार महिने घरी बसलेल्याला ती काय देते? काही नाही. भरपाईचा कायदा तात्पुरत्या अपंगत्वालाही दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के द्यायला लावतो. 12,000 वाल्याला पंधरा दिवसांना तीन हजार. त्यात चूल पेटते. राहिला प्रश्न बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचा. तिला वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. आज देवपुरात, उद्या दोंडाईचात, परवा कुठेच नाही, अशा पोराला हा दाखला कोण सही करून देणार, हे जरा विचारून बघा. शिवाय मूळ गोष्ट अशी, की माझ्या घराच्या कामाचा धोका माझ्या घराच्या खर्चात का नको? सिमेंटचा भाव आपण सरकारी योजनेवर टाकतो का?

आणि शेवटचं, आमचं खास खान्देशी. "काय नही होस रे भो!" काही होत नाही. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. माझ्या कोडमध्येही बहुतेक वेळा काही होत नाही. तरी मी प्रत्येक ठिकाणी एरर हँडलिंग लिहितो, नाही लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये दहा जण माझी अब्रू काढतात. सर्व्हर पडला तर दुसरा तयार, तो पडला तर तिसरा. डेटाचा बॅकअप दोन शहरांत. आणि बारा-पंधरा फुटांवर एका फळीवर उभ्या असलेल्या माणसाचा बॅकअप काय, तर "काय नही होस".

आपल्याला स्वतःला काय काय आहे ते मोजा एकदा. कंपनीचा मेडिक्लेम, त्यात आई-वडील. ग्रुप टर्म इन्शुरन्स, अपघात विमा, ऑनसाइट गेलात तर प्रवास विमा. माझ्या कामातली सर्वात मोठी शारीरिक जोखीम म्हणजे कॅन्टीनचा वडापाव :) त्यासाठी एवढं कवच. हे कवच आपल्या सीटीसीत धरलेलं असतं आणि क्लायंट ते बिलातून भरतो. कुठला क्लायंट फोन करून म्हणत नाही, की तुमच्या इंजिनिअरच्या विम्याची तेवढी ओळ काढून टाका.

पुण्यातल्या सोसायट्यांत तर याहून भयंकर चालतं. बारा मजली टॉवर, डक्टमधला पाइप गळतोय, एक माणूस दोराला लटकून खाली येतो. आपण गॅलरीतून बघतो, कोणी मोबाइलवर व्हिडिओही काढतो. सोसायटीच्या बैठकीत तासभर चर्चा होते ती पाइप कुठल्या कंपनीचा, वॉरंटी किती वर्षांची यावर. पाइपाला दहा वर्षांची वॉरंटी. दोराला लटकलेल्याची काय, हा विषय अजेंड्यावर मी तरी कधी पाहिलेला नाही. गेल्या वर्षी मी तो मांडला, तर एक काका म्हणाले, "हे बघ, कंत्राटदाराची डोकेदुखी आपण का घ्यायची?" काका स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झालेले. असो.

कंत्राटदारांचीही बाजू पूर्ण धुतलेली नाही, हेही लिहायला हवं. पॉलिसी काढणारे अनेक जण हप्ता वाचवायला सहा माणसांच्या जागी दोन दाखवतात, पंधरा हजारांच्या जागी आठ हजार मजुरी लिहितात. मग अपघात झाला की विमा कंपनी त्यावर बोट ठेवते, आणि ठेवणारच. कागद घेतानाही डोळे उघडे हवेत. दवाखान्याचा खर्च पॉलिसीत आहे का, नसेल तर थोडा जादा हप्ता भरून घालून घ्यावा लागतो. व्याज पॉलिसीत नसेल तर विमा कंपनी ते देणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2006 सालीच म्हटलंय. आणि दंड तर कंत्राटदारालाच भरावा लागतो. आपल्या कंत्राटदाराने काम पुढे दुसऱ्याला दिलं असेल, तर त्या दुसऱ्याची माणसं यात धरलीत का? नव्या संहितेत घर ते काम या वाटेवरचा अपघातही आलाय. साक्रीहून पहाटे मोटारसायकलवर तिघं येणाऱ्या पोरांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे. पण कायद्यात येणं आणि पॉलिसीच्या कागदावर येणं या दोन गोष्टी आहेत. एजंटला विचारून घ्या. ही सगळी विचारपूस दहा मिनिटांची आहे. आपण मोबाइल घेताना तीन रात्री रिव्ह्यू वाचतो.

यंदा जानेवारीत जळगावला ताईच्या फ्लॅटचं काम निघालं. दोन बाथरूम फोडून नवी लाइन, आणि बाहेरून पाचव्या मजल्यापर्यंतचा ड्रेनेज पाइप बदलायचा. कोटेशन बघायला अर्थातच मी. यावेळी त्यात विम्याची ओळ नव्हती. मी कंत्राटदाराला म्हटलं, घाला. तो हसला, म्हणाला, "भाऊ, लोकं काढायला लावतात, तुम्ही घालायला लावता!" दाजी म्हणाले, उगाच खर्च वाढवतोस. पॉलिसी यायला चार दिवस लागले, तोवर काम सुरू होऊ दिलं नाही, त्यावरून ताई रुसली. कागद आला तो मी शेवटपर्यंत वाचला. त्यात माणसं दोन लिहिलेली. परत पाठवला. चार माणसं, खरी मजुरी, दवाखान्याचा खर्च धरून, दोन महिन्यांसाठी 4,200 रुपये. तेवढ्याच पैशांत ताईने बाथरूमच्या आरशाला लाइट बसवले.

त्या कागदाच्या निमित्ताने कायदा वाचताना मला वरचं सगळं कळलं. आणि हेही कळलं की आमच्या पोराचा दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा होता. ती मुदत 2025 च्या मे महिन्यातच संपली. उशिराचं पुरेसं कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात. धुळ्यातले एक वकील म्हणाले, करून बघू, पोराला कोणी सांगितलंच नव्हतं हे कारण आहे.

पण दावा कोणावर करायचा? माझ्यावर होत नाही. विमा कंपनीवर होत नाही, कारण ती ओळ मी काढली. उरतात अण्णा. गाडी विकलेले, दागिने अजून न सुटलेले अण्णा. पोराला त्याचा हक्क मिळवून द्यायचा म्हणजे अण्णांना बुडवायचं, आणि अण्णांना वाचवायचं म्हणजे पोराला चाळीस हजारांवर गप्प बसवायचं. दोघांनाही यात घातलं कोणी, हे सांगायला वकील लागत नाही.

मी अण्णांना भेटायला गेलो. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते बराच वेळ ऐकत होते. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हप्त्याने भरता येतं का भाऊ?"

पुढच्या शनिवारी साक्रीकडे जायचंय. पोरगा सध्या गावात पीठगिरणीवर बसतो. त्याची अर्जावर सही घ्यायची आहे, तो द्यायला तयार होईल का तेही माहीत नाही, कारण त्याच्या लेखी अण्णांनी त्याचा जीव वाचवलाय. रक्कम ठरली तर त्यातला किती भाग मी उचलायचा यावर घरात अजून एकमत नाही. पप्पा म्हणतात निम्मा. आई म्हणते सगळा. अण्णा म्हणतात, तुमचा एक रुपया नको.